पंचमीची भरती किती वाजता?

बाई, नमस्कार.

आम्ही सिंधुदुर्गात, अगदी दर्याकाठी राहतो. मिस्टरांची छोटी होडी आहे, मी बंदरावर मासे विकते. थोरला नववीत, धाकटी सातवीत. दोघं गावच्याच सरकारी हायस्कूलला, मराठी माध्यमात. मिस्टरही त्याच शाळेत होते, नववीपर्यंत.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यापासून थोरला पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायला लागला. आधी फक्त रविवारी, मग रोजच. जाळं ओढून होईपर्यंत नऊ-दहा वाजतात, मग म्हणतो, आता कसली शाळा. दीडशे-दोनशे रुपये मिळतात, कधी नुसते बांगडे. पैसे सगळे माझ्या हातात आणून देतो, एक रुपया ठेवत नाही, बचत गटाचा हप्ता दोन महिने त्यातूनच गेला. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षकांनी बोलावून हजेरी दाखवली. पन्नासेक दिवसांत तेवीस दिवस गैरहजर. सहामाहीला बीजगणितात 40 पैकी 5, भूमितीत 7. गणिताचे सर मे महिन्यात निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, पीटीचे सर गणित घेतात. मुलगा म्हणतो, वर्गात पोरं नाक धरतात, वास येतो म्हणतात. आणि मला म्हणतो, "बाबा खय शिकले? तरी घर चालवतत मा?"

मिस्टर म्हणतात, कोकण बोर्डात नापास होतं कोण, होईल पास. माझे मोठे दीर नालासोपाऱ्याला असतात, तेही ह्याच शाळेत शिकलेले. ते म्हणतात, गावची शाळा संपली, मुलाला आत्ताच मुंबईला पाठव आणि धाकटीला बारा किलोमीटरवरच्या इंग्लिश मीडियमला घाल. माझं डोकं चालेनासं झालंय. काय करू?

— एक आई, सिंधुदुर्ग

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. "पैसे सगळे माझ्या हातात आणून देतो, एक रुपया ठेवत नाही." शाळा, गणित, नालासोपारा, सगळं नंतर. आधी ह्या वाक्याचं बघू.

शाळेत गेला तर ह्या मुलाला काय मिळतं? नाक धरणारी पोरं, 40 पैकी 5, आणि हजेरीपटावर नावापुढे लाल शाई. रापणीवर गेला तर? मोठी माणसं त्याला आपल्यात घेतात. रस्सीला त्याच्या हातांची गरज असते. ओढून झाल्यावर त्याचा वाटा त्याच्या हातावर पडतो, मोजून, इतरांसारखा. आणि घरी येऊन ते पैसे आईला देताना आईच्या कपाळावरची एक आठी कमी होते, हे त्याला दिसतं. तुम्ही तोंडानं कधी म्हणाला नसाल की शाळा बुडव. पण बीजगणितातल्या पाच मार्कांनी तुमचा चेहरा पडला आणि हप्ता वेळेवर गेला त्या दिवशी खुलला, एवढं पुरतं. तो आळशी नाही, वायाही गेलेला नाही. घरात कशाची किंमत आहे ते त्यानं बरोबर ओळखलंय.

मी तुम्हाला बोल लावत नाही. हप्ता कसा चुकवणार? गटातल्या बायका दारात येऊन बसतात, मला माहीत आहे. आणि पोरानं प्रेमानं दिलेले पैसे परत त्याच्या खिशात कोंबायचे, हेही करू नका, त्याचा अपमान होईल. असं करा. पोस्टात किंवा बँकेत त्याच्या नावानं खातं काढा, त्यालाच सोबत नेऊन, सही त्यालाच करायला लावून. रापणीचा पैसा त्यात. घरात अडलं तर त्याला विचारून, उसने म्हणून काढायचे आणि परत भरायचे. तुमच्या घरखर्चात तो पैसा गृहीत धरणं मात्र ह्या महिन्यापासून बंद. थोडी ओढाताण होईल. गटाच्या अध्यक्षीणबाईंशी बोलून हप्ता दोन महिने पुढे ढकलता येतो का बघा. मुलाच्या शाळेसाठी मागतेय म्हणालात तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि रापण रविवारी. सुट्टीतही चालेल. पूर्ण बंद करू नका. तोडायला गेलात तर तो चोरून जाईल, आणि ज्या एका गोष्टीत त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं तीच तुम्ही काढून घेतलीत असं होईल. किनाऱ्यावरून जाळं ओढणं वेगळं, होडीतून रात्री बाहेर जाणं वेगळं. अठरा पुरी होईपर्यंत ते नाही, हे मिस्टरांकडून वदवून घ्या.

आता मिस्टर. "कोकण बोर्डात नापास होतं कोण?" खरं आहे. आपल्या कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे, आणि दहावीच्या निकालात ते राज्यात दरवर्षी पहिलं असतं. 2024 साली 99.01 टक्के, 2025 साली 98.82. त्या वर्षी अख्ख्या राज्याचा निकाल 94.10 होता. पेपरात बातमी आली की आम्हा शिक्षकांची कॉलर ताठ होते, माझीही व्हायची. पण ह्या टक्क्यातली एक गोष्ट मिस्टरांना शांतपणे सांगा. तो हिशोब दहावीच्या परीक्षेला बसलेल्यांचा आहे. जो नववीतच सुटला तो ह्यात पास नाही आणि नापासही नाही. तो कुठेच नाही. तुमचे मिस्टर स्वतः नववीला सुटले, ते कोणत्या निकालात आहेत? मुलाला धोका दहावीत नापास होण्याचा नाहीच. तो दहावीपर्यंत पोचेल का, हा प्रश्न आहे. नववीची वार्षिक परीक्षा खरी असते, खालच्या वर्गांतला सांभाळून घेण्याचा काळ संपलेला असतो. आणि पुढच्या वर्षी दहावीला बसायचं तर मंडळाचा 75 टक्के हजेरीचा नियम आहे. पन्नासात तेवीस दिवस गैरहजर म्हणजे तो निम्म्यावर आलाय. कोणीतरी "मग 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दे" असं सुचवेलच. ती सोय ज्यांची शाळा खरोखर सुटली त्यांच्यासाठी आहे, रोज घरापासून दहा मिनिटांवर शाळा असलेल्या मुलासाठी नाही.

एक जुनी गोष्ट सांगते. मी नवीन नवीन नोकरीला लागले होते, देवगड बाजूच्या एका बंदरावरच्या शाळेत, गणिताला. आठवीत एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. सकाळी जाळ्यावर जाऊन यायचा. एकदा वही तपासायला त्याच्याजवळ गेले, त्यानं वही पुढे केली, तर मनगटावर माशांची खवलं वाळून चिकटलेली, अभ्रकासारखी चकाकत होती. बांगड्याचा उग्र वास. मी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "आधी हात धुऊन ये, मग वही दाखव." वर्ग हसला. तो उठला, नळाकडे गेला, आणि परत आलाच नाही. दप्तर संध्याकाळी त्याची बहीण घेऊन गेली.

त्याच्या वहीत अपूर्णांकांचा गुणाकार होता. दहापैकी शून्य. पूर्ण पान खोडाखोड.

आठवड्यानं मी बंदरावर मासे घ्यायला गेले. लिलावाला अवकाश होता, होड्या आलेल्या नव्हत्या. हा तिथे टोपल्यांपाशी बसलेला. मला बघून उठून उभा राहिला, वर्गात राहतात तसा. काय बोलावं मला सुचेना, म्हणून विचारलं, होड्या कधी येतील रे? म्हणाला, "बाई, आज पंचमी. पावणेचारला पुरी भरती. त्याच्या आधी येतले आत."

मी विचारलं, पावणेचार कशावरून?

"तिथीची पाऊणपट."

तुमच्या घरात हा आडाखा सगळ्यांना माहीत असेल, मी घाटावरची, मला तेव्हा नवीन होता. तिथीला पाऊणनं गुणायचं की पुऱ्या भरतीची वेळ येते. बंदराप्रमाणे घड्याळाशी थोडं मागंपुढं होतं, पण हिशोब पक्का. चंद्र रोज उशिरा उगवतो, साधारण पन्नास मिनिटांनी, आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून ती पाऊण. पंचमी म्हणजे 5 गुणिले 3/4. पावणेचार. ज्या गणिताला मी त्याच्या वहीत शून्य दिलं होतं तेच त्यानं उभ्या उभ्या, टोपलीवर हात ठेवून, तोंडी केलं होतं. पाऊण म्हणजे तीन छेद चार, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, पगार मला मिळत होता.

मी त्याला शाळेत ये म्हणाले. आला, चार-पाच दिवस. मग पुन्हा नाही. वर्गात हसले होते ते मी पुसू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची माफीही मागितली नाही. शिक्षकानं मुलाची माफी मागायची असते हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. पुढे तो तांडेल झाला, म्हणजे होडीचा म्होरक्या. दिसला की "बाई" म्हणून हाक मारतो, बरा सरंगा बाजूला काढून ठेवतो. ते पापलेट-सरंगे माझ्या घशाखाली जरा जडच उतरतात.

म्हणून वासाची गोष्ट तुम्ही हलकी घेऊ नका. साबण, लिंबाची फोड, शाळेचा शर्ट वेगळ्या खुंटीला, हे सगळं कराच. पण नाक धरणाऱ्या पोरांचं काय करायचं हे तुमचं काम नाही, वर्गशिक्षकांचं आहे. त्यांना जाऊन सरळ सांगा: सर, तो कंटाळा करून शाळा बुडवत नाही, ह्या हसण्यामुळे येत नाही. ज्या सरांनी बोलावून हजेरी दाखवली त्यांना मुलाची पर्वा आहे. आजकाल गैरहजेरीवर नुसती खूण करून पुढे जाणारेही असतात. ते ऐकतील. आणि हसणारी पोरं तरी कुठली? दुपारी घरी जाऊन बांगड्याचं तिखलं भुरकणारीच ना?

शाळेबद्दल आता. तुम्ही तिला सरकारी म्हणता, सगळेच म्हणतात. पण कोकणातली बहुतेक हायस्कुलं गावच्या किंवा मुंबईच्या मंडळींनी काढलेल्या शिक्षणसंस्थांची असतात, पगार सरकार देतं. तुमचीही तशीच असणार, फलकावर संस्थेचं नाव बघा. हे सांगायचं कारण असं की गणिताची जागा रिकामी राहिली तर राग मुख्याध्यापकांवर निघतो, आणि त्यांच्या हातात फार थोडं असतं. दरवर्षी संचमान्यता होते, पटावर किती मुलं त्यावरून किती शिक्षक ते ठरतं. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं ते निकष बदलले आणि लहान पटाच्या शाळांचा जीव मेटाकुटीला आला. पद मंजूर असलं तरी संस्थेला परस्पर माणूस नेमता येत नाही, भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते, ती होते तेव्हा होते. तोवर पीटीचे सर बिचारे बीजगणित शिकवतात. त्यांनाही हसू नका, ते रात्री घरी गाईड वाचून येत असतील.

आणि पट का घसरतो? तुमच्या दिरांसारखी माणसं "गावची शाळा संपली" म्हणून पोरं काढून नेतात, म्हणून. एका वर्गातली पाच मुलं गेली की एक पद धोक्यात येतं, पद गेलं की आणखी पाच जातात. दिरांवर माझा राग नाही, त्यांना पुतण्याचं बरंच करायचंय. पण त्यांच्या कळकळीला जरा उलटी दिशा द्या. ते ह्याच शाळेचे ना? मग त्यांच्या बॅचचे मुंबईत किती जण आहेत? शाळेच्या वेळची मित्रमंडळी, व्हॉट्सॲपचा ग्रुप, दरवर्षीचं स्नेहसंमेलन, हे सगळं असणारच. आमच्या मुंबईकरांना गावच्या देवळाच्या सभामंडपाला पाच-पाच हजार काढायला सांगावं लागत नाही. तसे शाळेसाठी काढा म्हणावं. संस्थेनं ठराव करून तासिका तत्त्वावर एक बीएस्सी झालेली मुलगी जूनपर्यंत नववी-दहावीच्या गणिताला ठेवली तर तिचं मानधन तीस माणसांत वाटलं की जाणवणारही नाही. अशा शिकलेल्या, लग्न होऊन आलेल्या सुना प्रत्येक गावात असतात आणि घरी बसून असतात. हे मी हवेत बोलत नाही, मी मुख्याध्यापिका असताना दोन वर्षं असंच भागवलं होतं.

त्याआधीही एक करता येईल. मे मध्ये निवृत्त झालेले सर गावातच असतील. सकाळी फिरायला जात असतील, पेन्शनच्या कागदांत गुंतले असतील, आणि मनातून कंटाळले असतील. निवृत्तीचं पहिलं वर्ष फार वाईट असतं, स्वानुभव आहे. तुम्ही एकट्या जाऊ नका. वर्गातल्या तीन-चार आया मिळून जा, जाताना मासे न्या, आणि म्हणा, सर, शनिवार-रविवार दुपारी दोन तास आमच्या पोरांना घ्या. ओटीवर, देवळात, कुठेही. नाही म्हणाले तर मला कळवा, मी माझ्या पिढीच्या माणसांशी कसं बोलायचं ते जाणते. आणि मग त्याच आयांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेला जाऊन रिकाम्या जागेबद्दल लेखी अर्ज द्यायचा, एक प्रत संस्थेला, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं समुद्रावर लिहिल्यासारखं असतं.

मुंबईचं म्हणाल तर माझं उत्तर नाही. मंडळ बदललं तरी अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच, पुस्तकं तीच. मग बदलणार काय? सकाळी डोळे उघडले की समोर दर्या असलेला मुलगा नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत, काकूच्या घरी पाहुण्यासारखा, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात अर्ध्या वर्षातून जाऊन बसणार. तिथे तो रापणीवर जाणार नाही हे खरं. पण कुठे जाईल ते तुम्हाला दिसणारही नाही. त्यातून नववी संपवून दहावीत शाळा बदलायची म्हटली तर दाखले आणि परवानग्यांचा व्याप वेगळाच. दिरांना सांगा, मे महिन्यात बोलवा त्याला, गेटवे दाखवा, ससून डॉकच्या मासळी बंदरावर न्या. ससून डॉक तर नक्की दाखवा.

धाकटीला मात्र मुळीच हलवू नका, आणि ह्याला पैशाचं कारण आहे. पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. सातवीत 55 टक्के हवेत. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात. ही परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला घातलीत तर फी भरायची ती भरालच, वर हे चार वर्षांचे 48,000 हातचे जातील. तिची तयारी आत्तापासून करून घ्या. बुद्धिमत्तेचा पेपर सरावाचा असतो, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेत मिळतील. इंग्रजीची चिंता असेल तर शाळेत सेमी आहे का विचारा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. सातवीत पूर्ण माध्यम बदललं की मुलीला दोन वर्षं नुसतं समोरचा काय बोलतो ते समजून घेण्यात जातात. बारावीपर्यंत कॉलेज लांब पडलं तरी ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तेही लक्षात असू द्या. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ होती. मुली अशाच असतात, त्रास देत नाहीत म्हणून पत्रात मावत नाहीत.

आता "बाबा खय शिकले?" ह्याचं उत्तर. हे तुम्ही देऊ नका, बाबांनी द्यावं. आणि उपदेश म्हणून देऊ नये. त्यांनी होडीत बसवून त्याला खरं सांगावं: मागच्या दहा वर्षांत मासळी किती कमी झाली, पर्ससीनची अवाढव्य जाळी टाकणाऱ्यांनी आणि एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांनी काय करून ठेवलंय, डिझेल किती जातं आणि लिलावाला काय हाती येतं. घर चालतं, पण कसं चालतं, ते मुलाला माहीत नाही. बापानं ते लपवलेलं असतं, लाजेपायी. एक दिवस सगळा हिशोब त्याच्यासमोर कागदावर मांडावा, आणि बेरीज-वजाबाकी त्यालाच करायला लावावी.

आणि त्याला दर्याच हवा असेल तर? तर दर्याच. मी कोण नाही म्हणणारी? फक्त दर्यावर जायच्या वाटा एकाहून जास्त आहेत, हे त्याला ह्या वयात कळायला हवं. केंद्र सरकारची सिफनेट नावाची संस्था आहे, मुख्यालय कोचीला, शिवाय चेन्नई आणि विशाखापट्टणमला शाखा. तिथे दहावीनंतर दोन वर्षांचे दोन अभ्यासक्रम आहेत. एक व्हेसल नॅव्हिगेटर, म्हणजे मोठी मच्छीमार नौका चालवणारा. दुसरा मरीन फिटर, म्हणजे तिचं इंजिन सांभाळणारा. प्रवेशासाठी दहावीला गणित आणि विज्ञानात 40 टक्के लागतात. मिस्टरांना हा आकडा दाखवा. कोकण बोर्डात 35 वर सगळेच पास होतात, पण ह्या दारातून आत जायला 40 लागतात, आणि त्याला आत्ता 80 पैकी 12 आहेत. वयाचीही अट असते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. कोची लांब वाटत असेल तर मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, दहावीनंतर डिप्लोमा. बारावी सायन्स करून सीईटी दिली तर रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथे शिकलेले पुढे मत्स्य खात्यात अधिकारी होतात, कोळंबीचे प्रकल्प चालवतात. आणि मला नेहमी वाटतं, त्या वर्गांत रापणकराच्या घरातली मुलं जास्त असायला हवी होती.

त्याला नकाशा आवडतो का? जीपीएस त्यानं पाहिलाच असेल. त्यावरचे अंश आणि मिनिटं म्हणजे भूमितीच आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. बाबा खोली वावात मोजतात, वाव म्हणजे सहा फूट, ते मीटरमध्ये करून दाखव म्हणा. इंजिन तासाला किती लिटर पितं, बंदरापासून खडपापर्यंत जाऊन-येऊन किती लागेल, दर वाढला तर फेरी परवडेल का. बीजगणितातला "क्ष" हाच आहे. पुस्तकात तो लोकलच्या वेळापत्रकात आणि सफरचंदांच्या पेट्यांत सापडतो, म्हणून आपल्या पोरांना परका वाटतो.

शेवटचं, आणि हे ह्या आठवड्यातच करायचं. सहामाहीचा बीजगणिताचा आणि भूमितीचा पेपर त्याच्याकडून मागून घ्या, फाडला नसेल तर. फोटो काढून मला पाठवा. बरोबर उत्तरं नकोत मला. त्यानं जिथे लिहून खोडलंय, बाजूला कच्चं काम केलंय, ती पानं हवीत. गाडी कुठे अडते ते तिथेच कळतं. बहुतेक सहावी-सातवीच्या अपूर्णांकांतच अडली असेल. तसं निघालं तर तिथून सुरू करू, नववीचं पुस्तक सध्या मिटून ठेवायचं. आणि पेपर मागताना रागावू नका. म्हणा, एका बाईंना बघायचाय, त्यांना पंचमीची भरती कधी ते काढता येत नव्हतं.